लेझीम एकच ठेवायची, की पैलवानाची वेगळी? गेममधल्या पात्रांच्या नाचावर चर्चा

हलगी_तीसफ्रेम
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला तेव्हा त्यात ८ वंश होते, प्रत्येकात स्त्री आणि पुरुष, म्हणजे १६ शरीरं. नाचाची कमांड दिली की ऑर्क वेगळा नाचायचा, ग्नोम वेगळा. फोर्टनाइटनं बरोबर उलटं केलं. इमोट (पात्राचा तयार नाच) सैनिकावर टाका नाहीतर केळ्याच्या स्किनवर (पात्राच्या रूपावर), स्टेप तीच. मला पहिलाच रस्ता पटतो. समजा कोल्हापूरच्या मिरवणुकीवर ऑनलाइन गेम केला, पात्रं तीनच: पैलवान, सडपातळ पोरगी आणि बुटका हलगीवाला. तिघांना एकच लेझीम दिली तर पैलवान कसला, काडीपैलवान दिसतोय.

राजारामपुरी_रिग
भावा, मत झकास, पण हिशेब कर की. ३ पात्रं, २० नाच, झाल्या ६० क्लिपा, म्हणजे हालचालीच्या नोंदी. चौथं पात्र आलं की आणखी २०. रिगमधल्या (पात्राच्या आतल्या डिजिटल सांगाड्यातल्या) हाडांची नावं आणि उतरंड सगळ्यांची सारखी ठेवली तर २० क्लिपांत भागतं, बाकी रिटार्गेट, म्हणजे एका सांगाड्याची हालचाल दुसऱ्यावर चढवायची. आणि पैसे मोजून इमोट घेणाऱ्याला दुकानात दिसला तोच नाच पाहिजे असतो.

मिसळ_मेश
रिटार्गेट केलं की भागलं म्हणणाऱ्यांनी एकदा लेझीमच करून बघावी. डाव्या हातात दांडा, उजव्या हातात साखळीची मूठ. रिटार्गेटमध्ये हाडांचं फिरणं तेवढं कॉपी होतं, दोन हातांमधलं अंतर नाही. पोरीच्या रिगवर हात ४० सेंमी उघडतात, ५ वर मिटतात. तीच क्लिप रुंद खांद्याच्या पैलवानावर टाकली की ५५ आणि २०. उघडताना साखळी रबरासारखी ताणते. मिटताना १५ सेंमी फट राहते, म्हणजे आवाज खणखणीत आणि लेझीम उघडीच!

उपाय आहे. उजव्या हाताला आयके लावा (पंजा कुठं पोचायचा ते सांगायचं, कोपर-खांदा आपोआप वळतात) आणि त्याचं टार्गेट दांड्याला जोडा, गेमच्या जगातल्या ठरावीक जागेला नाही. अंतराची ५ ते ४० ची कीफ्रेम (ठरावीक फ्रेमला नोंदवलेलं माप) तिथंच द्या. हात पूर्ण सरळ होऊ देऊ नका, लांबीच्या ९५ टक्क्यांवर थांबवा, नाहीतर कोपर टचकन उडतं. कमी पडेल तेवढी छाती वळवा. पोल टार्गेट (कोपर कुठल्या बाजूला वळावं ते ठरवणारा बिंदू) बाहेर ओढा, नाहीतर कोपर थेट बरगडीत. एवढं सगळं केल्यावर ती क्लिप ‘तीच’ राहिली का, हे तुम्हीच सांगा.

राजारामपुरी_रिग
राहिली की. दुरुस्तीचा थर वर चढवला, खालची क्लिप एकच. तुमच्या वेगळ्या नाचांची खरी गोची रांगेत होते. कंबरेची उंची पैलवानाची १०० सेंमी, हलगीवाल्याची ६०. पैलवानाचं पाऊल ५० चं, तर त्या प्रमाणात ह्याचं ३०. आठ पावलांत पैलवान ४ मीटर पुढं, हा २.४ वर. मिरवणूक फुटली. दोघांना जबरदस्तीनं ४ मीटर चालवलं तर बुटक्याचे पाय बर्फावर घसरल्यासारखे दिसतात.

हलगी_तीसफ्रेम
म्हणून तर वेगळी क्लिप पाहिजे! बुटक्याला प्रत्येक ठोक्याला २५ ची दोन पावलं द्या. शाळेच्या पथकात मोठ्यांच्या रांगेत घुसलेलं पाचवीतलं पोरगं असंच दुडुदुडु पळतं. रांग शाबूत, पाय घसरत नाहीत, आणि बघायला गंमत वेगळीच.

एक मात्र मी मान्य करतो: ठेका सगळ्यांचा एकच पाहिजे. मिनिटाला १२० ठोके, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ठोक्याला १५. आठ ठोक्यांच्या १२० फ्रेम, त्याही ० ते ११९. शेवटची फ्रेम पहिलीचीच नक्कल ठेवली तर दर फेरीला उचकी लागते. पाय टेकणार ०, १५, ३० वरच. वजन दाखवायचं ते टेकल्यानंतर: पोरीचा गुडघा २ फ्रेममध्ये बसतो, पैलवानाचा ५ मध्ये, कंबर थोडी जास्त खाली. पाय टेकायलाच उशीर केला तर तो जड दिसत नाही, बेताल दिसतो.

शड्डू
शरीराप्रमाणे फरक करा, कोण नाही म्हणतंय? पण ‘वेगळे नाच’ म्हटलं की बाईला कंबर लचकवायला आणि बाप्याला छाती फुगवायला लावतात, ते बंद करा. तमाशात पुरुष नाच्या शतकभर अदा करत आलाय, आणि तालमीत आज पोरीपण शड्डू ठोकतात. अदा खेळाडूला निवडू दे, वजन रिगवर सोडा.

आणि शड्डूचा इमोट करणार असाल तर तळवा मांडीच्या हाडाला नाही, मांडीच्या मेशला (वरून दिसणाऱ्या पृष्ठभागाला) टेकवा. पैलवानाची मांडी जाड, पोरीच्या मापानं मारलेला हात मनगटापर्यंत आत जातो.

राजारामपुरी_रिग
शड्डू पैलवानाचा बिल्ट-इन ठेवा, दुकानात विकू नका. फोर्टनाइटमध्येपण काही स्किनना स्वतःचा इमोट असतोच. बाकी १९ एकाच सांगाड्यावर, लेझमीला मिसळ_मेश म्हणतोय तो आयकेचा थर. दुडुदुडु पावलांची क्लिप तेवढी वेगळी, ती मी मानली.

मिसळ_मेश
आणि नऊवारीचा काष्टा? पैलवानाएवढा गुडघा वाकवला तर मांडी कापडातून बाहेर येते. त्याला ना आयके पुरतं ना ठेका.