इचिरोच्या ४२५७ हिट्स: ही बेरीज ग्राह्य धरावी की नाही?

मूळ लेख (पुणे)

१५ जून २०१६ रोजी सॅन डिएगोच्या पेटको पार्क मैदानावर मायामी मार्लिन्स या अमेरिकन बेसबॉल संघाकडून खेळणाऱ्या जपानच्या इचिरो सुझुकीने पहिल्याच इनिंगमध्ये (डावात) एक हिट मिळवली. चेंडू लांब गेलाच नव्हता. तो कॅचरच्या (यष्टिरक्षकासारख्या क्षेत्ररक्षकाच्या) पुढ्यातच घुटमळला आणि कॅचरने उचलून फेकेपर्यंत ४२ वर्षांचा हा फलंदाज पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, पोचलेला होता. नवव्या इनिंगमध्ये फर्नांडो रॉडनी या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) चेंडूवर त्याने उजव्या रेषेलगत डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारी हिट) मारला. जपानमधल्या १२७८ आणि अमेरिकेतल्या २९७९ मिळून त्याच्या ४२५७ हिट्स झाल्या आणि अमेरिकेच्या पीट रोझने १९६३ ते १९८६ या काळात मिळवलेल्या ४२५६ हिट्सचा आकडा मागे पडला. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, इचिरोने हेल्मेट उंचावले. परंतु अमेरिकेच्या अधिकृत नोंदीत त्या रात्री त्याच्या नावापुढे २९७९ हाच आकडा राहिला.

जे वाचक प्रामुख्याने क्रिकेट पाहतात त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. फलंदाजाने चेंडू टोलवला आणि क्षेत्ररक्षकाची चूक नसताना तो किमान पहिल्या बेसवर सुरक्षित पोचला, तर ती हिट धरली जाते. हंगामात २०० हिट्स हे फार मोठे यश मानले जाते. इचिरोने अमेरिकेत २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षे ते मिळवले आणि २००४ साली २६२ हिट्स करून जॉर्ज सिसलरचा १९२० पासून अबाधित असलेला २५७ हिट्सचा विक्रम मोडला.

माझे मत असे आहे की ४२५७ हा आकडा, आणि निवृत्तीपर्यंत झालेला ४३६७ हा अंतिम आकडा, कोणत्याही तळटीपेशिवाय जागतिक विक्रम म्हणून मान्य व्हायला हवा. जपानमधले पिचर दुबळे असल्यामुळे तिथल्या हिट्स स्वस्तात मिळाल्या असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: जपानमध्ये त्याने ९५१ सामन्यांत १२७८ हिट्स केल्या, म्हणजे दर सामन्याला १.३४, आणि अमेरिकेतल्या पहिल्या दहा वर्षांत १५८८ सामन्यांत २२४४, म्हणजे दर सामन्याला १.४१. स्वस्ताई संपल्यावर माणसाचा हात आखडतो, त्याचा वेग वाढत नाही. शिवाय जपानचा हंगाम त्या वेळी १३० ते १३५ सामन्यांचा होता आणि अमेरिकेचा १६२ सामन्यांचा, म्हणजे जपानमध्ये घालवलेल्या प्रत्येक वर्षात त्याला सुमारे ३० सामने कमीच मिळाले. तो अमेरिकेत उशिरा गेला हा त्याचा दोष नव्हे. मुक्त खेळाडू, म्हणजे हव्या त्या क्लबकडे जाऊ शकणारा, होण्यासाठी तेव्हा नऊ हंगामांची सेवा लागत असे. त्याआधी जायचे तर क्लबची संमती आणि १९९८ साली ठरलेली, अमेरिकन क्लबांनी बोली लावण्याची पद्धत एवढाच मार्ग होता, आणि २००० सालच्या अखेरीस तो त्याच मार्गाने सिअ‍ॅटलला गेला.

प्रतिसाद (सिअ‍ॅटल)

मी या शहरात राहतो, इचिरोला येथील मैदानावर अनेकदा खेळताना पाहिले आहे आणि त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही मूळ लेखातील निष्कर्ष मला पूर्णपणे अमान्य आहे.

प्रथम तुमच्या सरासरीविषयी. जपानमधल्या ९५१ सामन्यांत १९९२ आणि १९९३ या दोन वर्षांचे ८३ सामनेही येतात. तेव्हा तो १८-१९ वर्षांचा होता, त्याला क्वचितच संधी मिळे आणि त्या दोन वर्षांत त्याच्या फक्त ३६ हिट्स झाल्या. त्या वगळून १९९४ ते २००० ही पूर्ण वेळ खेळलेली सात वर्षे घेतली तर ८६८ सामन्यांत १२४२ हिट्स होतात, म्हणजे दर सामन्याला १.४३. अमेरिकेत त्याचा वेग वाढला नाही. तो जवळपास तेवढाच राहिला. हेही असामान्यच आहे, पण तुम्ही मांडले ते हे नव्हे.

दुसरे असे की एका माणसाने दर्जातील अंतर पार केले म्हणून ते अंतर नाहीसे होत नाही. टफी ऱ्होड्सने अमेरिकेत आयुष्यभरात १३ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले आणि जपानमध्ये ४६४. २००१ साली तर एका हंगामात ५५. इचिरोचाच सिअ‍ॅटलमधला सहकारी व्लादिमीर बॅलेंटियन अमेरिकेत १५ होम रनवर थांबला आणि जपानमध्ये २०१३ साली एकाच हंगामात ६० मारून त्याने तेथील विक्रम मोडला. उलट दिशेने पाहा: हिदेकी मात्सुईने २००२ साली जपानच्या योमिउरी संघाकडून ५० होम रन मारले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या यांकीज संघाकडून १६. जपानचा खेळ कनिष्ठ आहे असे मी म्हणत नाही. तो वेगळा आहे, आणि दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या धान्याची एकच रास करून तिला विक्रम म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण वयाची बरोबरी करून पाहू. अमेरिकेतला पहिला हंगाम खेळताना इचिरो २७ वर्षांचा होता. रोझ २७ वर्षांचा झाला १९६८ साली, आणि त्याआधीच्या पाच हंगामांत त्याच्या ८९९ हिट्स झाल्या होत्या. म्हणजे त्या वयापासून पुढे रोझच्या ३३५७ आणि इचिरोच्या ३०८९. दोघेही ४५ व्या वर्षापर्यंत खेळले. त्याच लीगमध्ये, त्याच वयात रोझ पुढे आहे. इचिरोची आघाडी केवळ २७ व्या वर्षापूर्वीच्या आकड्यांमुळे दिसते, आणि वाद आहे तो नेमका त्याच आकड्यांचा. आणि व्यावसायिक खेळातली प्रत्येक हिट मोजायची असेल, तर रोझने १९६० ते १९६२ या काळात मायनर लीगमध्ये (सर्वोच्च लीगच्या खालच्या पातळीवर) मिळवलेल्या शेकडो हिट्स कोणत्या न्यायाने वगळायच्या?

प्रतिसाद (नागोया)

इचिरो ज्या आइची प्रांतातला, तिथेच मी नोकरीनिमित्त राहते. जपानी लोक स्वतः हा आकडा कसा वापरतात हे या चर्चेत यायला हवे, म्हणून लिहीत आहे.

येथील वृत्तपत्रांत अशा बेरजेसाठी 'निचिबेई त्सूसान' हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्याचा अर्थ 'जपान-अमेरिका एकत्रित' एवढाच. ४२५७ हा आकडा येथे या शब्दांशिवाय क्वचितच छापला जातो. जपानच्या लीगचा कारकिर्दीतील हिट्सचा विक्रम आजही इसाओ हारिमोतोच्या ३०८५ हिट्सचाच आहे, आणि तो इचिरोने मोडला असे लीगची नोंदवही म्हणत नाही. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून बालपणी वाचलेला, कोरियन वंशाचा हा फलंदाज एप्रिल २००९ मध्ये स्वतः सिअ‍ॅटलला गेला होता आणि इचिरोने एकत्रित ३०८६ वी हिट मारली तेव्हा मैदानात उपस्थित होता. याउलट, नामवंत खेळाडूंची 'मेइक्यूकाई' नावाची संस्था आहे, जिचे सदस्यत्व फलंदाजाला २००० हिट्स झाल्यावर मिळते, आणि ती संस्था जपानमध्ये कारकीर्द सुरू केलेल्या खेळाडूच्या अमेरिकेतल्या हिट्स मोजते. म्हणजे एकाच देशात दोन हिशेब शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि त्यामुळे कोणाचा गोंधळ उडालेला मी पाहिला नाही. मूळ लेखकांना 'कोणत्याही तळटीपेशिवाय' असा आग्रह धरावासा वाटतो, तो जपानी वाचकालाही थोडा परकाच वाटेल.

प्रतिसाद (मुंबई)

सिअ‍ॅटलच्या प्रतिसादकांना विचारावेसे वाटते की १६ मार्च २०१२ रोजी मीरपूरला सचिनचे शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक झाले, तेव्हा आपण ५१ कसोटी आणि ४९ एकदिवसीय शतकांची बेरीजच साजरी केली होती ना? पाच दिवसांचा सामना आणि ५० षटकांचा सामना यांत जेवढे अंतर आहे, तेवढे जपान आणि अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये नक्कीच नाही.

प्रतिसाद (कोल्हापूर)

सचिनचे उदाहरण येथे पुरेसे लागू पडत नाही, कारण ती दोन्ही प्रकारची शतके एकाच आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अधिपत्याखाली झाली. त्यापेक्षा जवळचे उदाहरण आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांचे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना ते ४४३ धावांवर नाबाद होते, आणि ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या दहा धावांनी मोडणार असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामना सोडून दिला. निंबाळकरांना कसोटी खेळायला कधीच मिळाली नाही. तरीही त्यांच्या ४४३ धावा ब्रॅडमनने सिडनीत क्वीन्सलंडविरुद्ध केलेल्या ४५२ धावांच्या खालोखाल, त्याच यादीत नोंदल्या गेल्या. काठेवाडची गोलंदाजी आणि क्वीन्सलंडची गोलंदाजी एकाच तोलाची होती का, असा प्रश्न ती यादी विचारत नाही.

हे शक्य झाले, कारण क्रिकेटमध्ये 'प्रथम श्रेणी' नावाचा एक वर्ग आहे. १९४७ साली त्याची व्याख्या ठरली आणि आपल्या देशातला कोणता सामना त्या वर्गात बसतो हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाच्या मंडळाला मिळाला. सामन्यांचा दर्जा सारखा नाही हे सर्वांना ठाऊक असूनही सर्वांनी मिळून एक मथळा मान्य केला. बेसबॉलमध्ये असा मथळाच नाही. अमेरिकेची नोंदवही अमेरिकेची आणि जपानची जपानची. दोघींना सामावून घेणारी तिसरी वही कोणी उघडलेली नाही. म्हणून माझ्या मते इचिरोची बेरीज चूक नाही, पण ती लिहायची कोणत्या पानावर, हे ठरवणारा अधिकारी अस्तित्वात नाही. रोझच्या मायनर लीगमधल्या हिट्सचे उत्तरही यातच आहे, कारण 'प्रथम श्रेणी'सारखा वर्ग असता तर त्यात देशोदेशींच्या सर्वोच्च लीग आल्या असत्या, आणि मायनर लीग ही व्याख्येनेच सर्वोच्च लीग नव्हे.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

पान उघडायचे ठरवले तर उघडता येते, हे अमेरिकेनेच दाखवून दिले आहे. १९२० ते १९४८ या काळातील कृष्णवर्णीयांच्या लीगना डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीचा, दर्जा दिला गेला, मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत मिसळले गेले, आणि कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत (फलंदाजीच्या संधींमागे हिट्सचे प्रमाण) त्या लीगमधला जोश गिब्सन .३७२ सह पूर्वी अव्वल असलेल्या टाय कॉबच्या वर गेला. वेगळ्या लीगचे आकडे मिसळता येत नाहीत हा नियम मग कुठे राहिला?

प्रतिसाद (सिअ‍ॅटल)

हे दोन प्रसंग एका तागडीत घालू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गिब्सनला त्याच्या स्वतःच्या देशात, केवळ कातडीच्या रंगामुळे दार बंद होते, आणि ते बंद करणाऱ्यांनीच सत्तर वर्षांनी आपली चूक दुरुस्त केली. जपानची लीग ही स्वतंत्र देशाची स्वतंत्र संस्था आहे. तिच्या हिट्सना अमेरिकेने मान्यता द्यावी अशी मागणी करणे म्हणजे, मूळ लेखकांची इच्छा नसतानाही, जपानी बेसबॉलला अमेरिकेच्या दाराशी उभे करणे होय. हारिमोतोच्या ३०८५ किंवा जपानमधल्याच सादाहारू ओहच्या ८६८ होम रनना अशा शिक्क्याची गरज नाही.

मूळ लेखक (पुणे)

सरासरीबाबतची माझी चूक मला मान्य आहे. ते ८३ सामने वेगळे काढायला हवे होते. 'तळटीपेशिवाय' हा शब्दही मी मागे घेतो, कारण नागोयाच्या ताईंनी दिलेला जपानी शब्दप्रयोग माझ्या शब्दांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

मात्र वयाच्या बरोबरीचा मुद्दा मला पटलेला नाही. रोझची २७ व्या वर्षापूर्वीची पाच वर्षे ८९९ हिट्ससह कोणतीही शंका न घेता मोजली जातात आणि इचिरोची त्या वयापूर्वीची वर्षे शून्य धरली जातात. १९९४ साली १३० सामन्यांत २१० हिट्स करणारा, आणि तिथून सलग सात वर्षे आपल्या लीगमध्ये सरासरीत पहिला येणारा फलंदाज त्या काळात अमेरिकेत असता, तर एकही हिट मिळवू शकला नसता असे कोणीही म्हणणार नाही. १२७८ हा आकडा तंतोतंत तसाच धरू नका, हवे तर त्यातून काही वजा करा. पण त्याच्या जागी शून्य लिहिणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण एवढे तरी आपल्याला निश्चित माहीत आहे की खरे उत्तर शून्य नव्हते.

प्रतिसाद (सिअ‍ॅटल)

शून्य धरा असे मी म्हटलेले नाही. मोजणी करणाऱ्याने फक्त आपल्या मैदानावर घडलेले मोजावे, एवढेच माझे म्हणणे आहे. २०२५ साली येथील हॉल ऑफ फेमसाठी (महान खेळाडूंच्या सन्मान-यादीसाठी) इचिरोला ३९४ पैकी ३९३ मते मिळाली, ती त्या १२७८ हिट्सशिवायच मिळाली असती असे मला ठामपणे वाटते.

प्रतिसाद (नागोया)

'आपल्या मैदानावर' या शब्दांवरून एक आठवण द्यावीशी वाटते. इचिरोचे शेवटचे दोन सामने २० आणि २१ मार्च २०१९ रोजी टोकियो डोममध्ये झाले. सिअ‍ॅटलचा संघ ओकलंडविरुद्ध खेळत होता, मैदान जपानचे होते आणि गॅलरीत खच्चून भरलेले बहुतेक प्रेक्षकही जपानीच होते. दोन सामन्यांत मिळून तो पाच वेळा बाद झाला आणि त्याला एकही हिट मिळाली नाही. मिळाली असती, तर त्याच्या अमेरिकेतल्या ३०८९ हिट्सच्या ३०९० झाल्या असत्या आणि जपानमधल्या १२७८ तशाच राहिल्या असत्या.