भोक पाडू की नको? कापलेल्या ली-एनफिल्डवर स्कोप

बर्फातला_बाळू: परवा 'जुनं_लोखंड' यांनी लिहिलं की ली-एनफिल्डला (ब्रिटिश लष्कराची जुनी बोल्टवाली रायफल) स्कोपसाठी ड्रिल लावणारा माणूस देव्हाऱ्यातल्या टाकालाही भोक पाडून किल्ल्यांना अडकवेल. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर.

माझी नंबर ४ (ली-एनफिल्डचंच एक मॉडेल) इथे अमेरिकेत विस्कॉन्सिनात एका शेजाऱ्याकडून आली. कोणीतरी कधीकाळी तिचं पुढचं लाकूड निम्मं कापलंय, मागची साइट (नेम धरायची खाच) काढून टाकलीय. म्हणजे टाक आधीच वितळलाय! मला चाळिशी लागून अठरा वर्षं झाली, पुढची साइट म्हणजे धुक्यातला विजेचा खांब. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा सीझन उघडतो, नऊ दिवसांत संपतो. अंदाजाने बार टाकून हरीण लंगडं करण्यापेक्षा रिसीव्हरला (बोल्ट सरकतो तो पोलादी सांगाडा) चार भोकं परवडली. आणि लष्कराने काय केलं? स्नायपरांची नंबर ४ (टी) बनवताना हॉलंड अँड हॉलंडने डाव्या अंगाला स्क्रूने पॅड ठोकूनच नंबर ३२ दुर्बीण चढवली ना?

जुनं_लोखंड: हॉलंड अँड हॉलंडने ठोकले. तुमच्या गॅरेजने नाही. अमेरिकेत १९६८ पर्यंत लष्कराच्या सरप्लस रायफली टपालाने घरपोच यायच्या, लोक करवत घेऊन बसायचे. पण बहुतेकांनी लाकूडच उडवलं. नळीच्या तोंडाशी बायोनेट (संगीन) अडकवायचे खुंट आहेत का, ते बघा. असतील तर नळी शाबूत. लाकूड आणि साइट परत चढतात, भोक बुजत नाही. मागच्या साइटच्या जागी बसणारा, ड्रिल न लागणारा माउंट (स्कोपची बैठक) मिळतो. तो घ्या.

ऑस्टिनची_अक्का: तो माउंट मी दोन वर्षं वापरलाय. काडतुसांच्या दर पेटीला स्क्रू आवळा आणि परत झीरो करा (स्कोपचा नेम जुळवा), हाच उद्योग. ड्रिलचंही कौतुक नको. माझ्या माउझर ९८ ला भोकं पाडताना कारागिराचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) रिसीव्हरमध्येच तुटला, आणि पठ्ठ्याने टॅपची किंमतही बिलात लावली. पुढे कळलं, बोल्टचा सरळ दांडा उचलला की स्कोपवर आपटतो, सेफ्टीचा पंख वर फिरत नाही. दोन्ही बदलले. तेवढ्यात नवी रायफल आली असती. आणि गालाचं कोणीच बोलत नाही! दस्ता खालच्या साइटसाठी घडवलेला, स्कोप लावला की गाल हवेत. (टी) ला लाकडी गालपट्टी होती ती शोभेला नव्हे.

देवगडकर: तुमचे लाड चालू द्या. इथे कोकणात माझ्याकडे इशापूरच्या (बंगालमधला सरकारी कारखाना) .३१५ बोअरची रायफल, ॲक्शन म्हणजे बोल्टची यंत्रणा ली-एनफिल्डचीच. डुकरं भात लोळवतात. वनखात्याचा परवाना हातात येईतो कापणी उरकते. निवडणूक आली की रायफल ठाण्यात जमा. गेल्या वेळी परत आली ती बोल्टवर गंज घेऊन. स्कोप कसला, आधी तेल घाला म्हणावं!

नायकाचा_नातू: मुद्दा भावनेचा आहे. माझे आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीतून इटलीत लढले, ते हीच रायफल घेऊन. तिला ड्रिल लावणाऱ्यांनी जरा लाज बाळगावी.

जुनं_लोखंड: बाजू माझीच घेताय, तरी सांगतो. 'हीच' कशावरून? इशापूरला युद्धात ली-एनफिल्डचंच आधीचं मॉडेल, नंबर १ मार्क ३, बनत होतं, नंबर ४ तिथे कधीच बनली नाही.

नायकाचा_नातू: म्हणजे आजोबा खोटं बोलले? इटलीत माल इशापूरचाच पोचायचा का? घरी फोटो आहे आमच्या.

जुनं_लोखंड: आजोबांना कोण काय म्हणालं? फोटोत नळीचं तोंड बघा. नाकाच्या टोपीबाहेर (पुढच्या टोकावरचं धातूचं टोपण) डोकावत असेल तर नंबर ४, बोथट नाक असेल तर नंबर १.

ऑस्टिनची_अक्का: धागा स्कोपचा होता. आता पेन्शन ऑफिस झालंय.

देवगडकर: आमच्या आजोबांकडे ठासणीची होती. तिला टोपीही नव्हती, नाकही नव्हतं.

नायकाचा_नातू: फोटो भिंगाखाली धरला. बोथट आहे. ठीक. पण आजोबांना नंबर कोणी शिकवले नव्हते, गोळी लागायची एवढं त्यांना पुरे होतं.

बर्फातला_बाळू: अभिनंदन. म्हणजे माझी कोणाचेच आजोबा नाही, आता भोकं पाडायला मोकळा?

जुनं_लोखंड: खुंटांचं उत्तर अजून आलेलं नाही.

बर्फातला_बाळू: आत्ता गॅरेजात जाऊन आलो. खुंट आहेत. बोल्ट बंद करून तोंडातून काठी घालून मोजलं, २५ इंचांच्या किंचित वर.

जुनं_लोखंड: २५.२. पूर्ण नळी. बोला.

बर्फातला_बाळू: काय बोलू? तुमचा तो माउंट मागवतोय, अक्कांसाठी गालाला फोमची पट्टी. पण फक्त या सीझनपुरता. शनिवारी झीरो हलला तर रविवारी ड्रिल, आणि पहिल्या भोकाचा फोटो तुम्हालाच पाठवीन.

ऑस्टिनची_अक्का: बाळू, त्यासोबत स्क्रू आवळायचा पाना येतो तो तकलादू असतो. वेगळा घे.