किनारा दिसेनासा झाल्यावरचं शिक्षण
इंजिन आणि जीपीएस असताना शिकाऊ मुलांना शिडाच्या नौकेवर खोल समुद्रात कशाला न्यायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण 'तारिणी' या भारतीय नौदलाच्या शिडाच्या नौकेचं उदाहरण घ्या. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण त्याआधी शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कॅप्टन दिलीप दोंदे यांच्या हाताखाली नौदलाच्याच 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवर शिकून, २०१६ मध्ये मॉरिशसची सफर करून. (दोन्ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या, याचा मला फार अभिमान वाटतो.)

किनारा दिसेनासा झाला की शिकणं बदलतं. उलट्यांनी जीव नकोसा झाला तरी रात्री दोनला पहाऱ्यावर उठावंच लागतं. वाऱ्याकडच्या बाजूला काळा ढग दिसला की शीड तेव्हाच कमी करायचं. वाऱ्याचा झोत अंगावर आल्यावर तेच काम दुप्पट जड आणि धोक्याचं होतं. ही 'आधी'ची वेळ ओळखणं वर्गात येत नाही. आणि सुकाणू दुसऱ्याच्या हाती सोपवून निवांत झोपणं, तेही शिकावंच लागतं.

मुलांना पहिल्याच खेपेला लांब नेऊ नये, असं काही जण म्हणतात, ते मात्र मला शंभर टक्के पटतं. आधी मुंबई-गोवा करू द्या, त्यात रात्रीचे पहारे येतातच.