बोकडाच्या मटणाचे जपानी पद्धतीचे याकिनिकू : बाहेरून करपते आणि आतून वातड राहते, काय चुकते आहे?

लष्करकर (ग्वाल्हेर)

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा नोकरीनिमित्त दोन वर्षे नागोयाला होता. दिवाळीत तो घरी परतला, तेव्हापासून तिकडच्या याकिनिकूची सारखी आठवण काढतो. मेजाच्या मधोमध निखारे, त्यांवर जाळी, शेजारी सोया सॉस, साखर, लसूण आणि किसलेले फळ यांत मुरवलेल्या मांसाचे पातळ काप, आणि प्रत्येक जण आपला काप स्वतः भाजून गरमागरम खातो, असे तो वर्णन करतो. तिकडे हा प्रकार मुख्यतः गोमांसाचा असतो. आमच्या घरी ते खाल्ले जात नाही, शिवाय मध्य प्रदेशात गोवंशवधाला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो विचारच नाही. आमच्याकडे मटण म्हणजे बोकडाचे, आणि त्याच मटणावर मला हा प्रकार नीट जमवायचा आहे.

गेल्या रविवारी पहिला प्रयत्न केला. अर्धा किलो मटणाचे लिंबाएवढे तुकडे करून घेतले आणि त्यात कोपऱ्यावरच्या दुकानातला सोया सॉस अर्धी वाटी, दोन मोठे चमचे साखर, आले-लसूण आणि मऊ व्हावे म्हणून दोन चमचे कच्च्या पपईचा कीस घालून रात्रभर फ्रीजमध्ये मुरत ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर सासूबाईंची जुनी शेगडी पेटवली. जाळीवर ठेवल्यापासून दोन मिनिटांत तुकडे काळे पडले. तोडून पाहिले तर वरचा थर ओल्या पिठासारखा भुसभुशीत आणि त्याखालचे मांस चावता चावता जबडा दुखावा इतके वातड. चव खारट आणि किंचित कडू. मुलाने काही न बोलता वाढलेले सगळे संपवले, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

रश्श्याचे मटण मी तीस वर्षे करते आहे आणि त्यात माझा हात बसलेला आहे. झटपट भाजायच्या मटणाचे गणित मात्र मला उमगलेले नाही. कोणता भाग घ्यावा, किती वेळ मुरवावे आणि करपू नये म्हणून काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. मुलगा पौषात पुन्हा जाणार आहे, त्याआधी एकदा तरी त्याला मनासारखे खायला घालायचे आहे.

कोळसा आणि मीठ (इंदूर)

ताई, तुमच्या वर्णनातच कारणे आहेत, म्हणून एकेक पाहतो.

मांस दोन कारणांनी वातड लागते. एक म्हणजे लांब धागे, आणि दुसरे म्हणजे त्या धाग्यांना बांधून ठेवणारे पांढरे पापुद्रे. रश्श्यात मटण तासभर मंद शिजते तेव्हा हे पापुद्रे विरघळून रस दाट होतो, आणि म्हणूनच तुमचा रस्सा उत्तम होत असणार. शेगडीवर त्यांना विरघळायला वेळच मिळत नाही, उलट ते आकसतात आणि आतला रस पिळून बाहेर काढतात. जपानमध्ये याकिनिकूसाठी जे मांस पसंत करतात त्यात चरबीची बारीक जाळी पसरलेली असते आणि ती उष्णतेने वितळून प्रत्येक घास ओला ठेवते. बोकडाच्या मटणात ती जाळी जवळजवळ नसतेच. चरबीचे ते काम आपल्याला सुरीकडून करून घ्यावे लागते.

पपईबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे मटण मऊ करायचे म्हटले की हात आधी पपईकडे जातो. कच्च्या पपईच्या चिकात प्रथिने तोडणारा घटक असतो. तो मांसात खोलवर शिरत नाही, पृष्ठभागावरच काम करत राहतो. रात्रभर ठेवले की वरचा थर तुटून त्याचे पीठ होते आणि आतला भाग होता तसाच राहतो. शिवाय हा घटक साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जोमाने काम करतो, म्हणजे तुकडा भाजला जात असतानाही वरचा थर आणखी तुटत जातो. घालायचीच असेल तर अर्धा किलोला अर्धा छोटा चमचा घालावी आणि वीस ते तीस मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये. माझे स्वतःचे मत असे की काप पातळ असतील तर पपईची गरजच पडत नाही. आल्याच्या रसातही असाच, पण सौम्य गुण असतो आणि तेवढा पुरतो.

सोया सॉसची बाटली उलटून तिच्यावरचे घटक वाचा. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढेच लिहिले असेल आणि तो आंबवून केलेला असेल, तर तो याकिनिकूला चालतो. कॅरॅमल रंग, आम्ल आणि साखर घातलेला दाट काळा सॉस गाडीवरच्या नूडल्सना बरा असतो, पण निखाऱ्यावर त्याचा कडवटपणा फार पुढे येतो. मिठाचेही पाहा. नेहमीच्या जपानी सॉसमध्ये साधारण सोळा टक्के मीठ असते, म्हणजे चार मोठ्या चमच्यांत, साठ मिलिलिटरमध्ये, जवळपास दहा ग्रॅम. अर्धा किलो मांसाला तेवढे पुष्कळ झाले. तुम्ही अर्धी वाटी घालून रात्रभर ठेवलेत, त्यामुळे खारट होणारच होते.

मुरारची लेक (ग्वाल्हेर)

काकू, मी तुमच्याच गावची आहे, म्हणून फक्त खरेदीचे सांगते. खाटिकाकडे जाऊन नुसते बिनहाडाचे मटण मागितले तर तो खांद्याचे, मानेचे जे हाताला येईल ते कापून देतो. त्याला "रानाचे पसंदे काढून द्या" असे सांगावे. हा शब्द आपल्याकडचे सगळे खाटिक ओळखतात, आणि मग तो मागच्या रानाचा, म्हणजे मांडीचा, सलग मांसल भाग वेगळा काढून त्याचे चपटे काप करून देतो. बोकड लहान असावा, आठ-दहा किलोंच्या आसपासचा. मोठ्या बोकडाचे रान दिसायला भरदार असते, पण भाजायला उपयोगाचे नाही. मी सकाळी लवकर जाते, कारण दहानंतर रान उरलेले नसते.

खाटिकाचे पसंदे जपानी प्रकाराला थोडे जाड पडतात. त्यामुळे मी आता रानाचा अखंड तुकडाच आणते, वरचे चकचकीत पांढरे पापुद्रे सुरीच्या टोकाने सोलून टाकते आणि तुकडा ताटलीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवते. पूर्ण गोठू द्यायचा नाही. बोटाने दाबल्यावर वरून कडक आणि आत किंचित दबणारा असला की तो सुरीखाली सरकत नाही आणि तीन-चार मिलिमीटर जाडीचे काप सरळ निघतात. कापण्यापूर्वी तुकडा उजेडात धरून धागे कोणत्या दिशेला जातात ते पाहावे आणि सुरी त्यांना आडवी चालवावी. मध्येच धाग्यांची दिशा बदलते, तिथे थांबून तुकडा फिरवून घ्यावा. एवढ्यानेच निम्मा वातडपणा जातो.

तीन हिवाळे होक्काइदोत (वडोदरा)

नमस्कार काकू. वर दिलेली माहिती अचूक आहे. मी थोडी वेगळी सूचना करू इच्छितो. गोमांसाच्या याकिनिकूची नक्कल बोकडावर करण्यापेक्षा मेंढीच्या मांसाचा जो प्रकार जपानमध्ये मुळातच आहे तो घ्यावा, कारण आपल्या मटणाला तो फार जवळचा आहे. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर त्याला जिंगिसुकान म्हणतात. हे चंगीझ खानाच्या नावाचे जपानी रूप आहे, मात्र पदार्थ जपानचाच आहे. लोकरीसाठी देशातच मेंढ्या वाढवाव्यात अशी योजना जपानी सरकारने १९१८ मध्ये आखली. होक्काइदोत मेंढीपालन वाढले आणि त्याबरोबर मेंढीचे मांस खाण्याची रीतही तिथे रुजली. २००४ मध्ये या पदार्थाची होक्काइदोच्या वारशाच्या यादीत निवड झाली. मी तिथे तीन वर्षे होतो आणि हिवाळ्यात जवळजवळ दर पंधरवड्याला खात होतो.

तिथे दोन रीती आहेत. साप्पोरोकडे मांस साधेच भाजतात आणि नंतर सॉसमध्ये बुडवून खातात. ताकिकावाकडे सफरचंद, कांदा आणि आले यांच्या रसात आधी मुरवतात. याकिनिकूतही हाच भेद आहे. तिथे या सॉसला तारे म्हणतात, आणि भाजण्यापूर्वी हाताने चोळायचे ते मोमिदारे, तर भाजल्यावर बुडवायचे ते त्सुकेदारे. काकू, तुमचे मांस करपण्याचे मूळ मला इथे दिसते. सगळी साखर तुम्ही आधीच मांसाला लावली. साखर एकशे साठ अंशांच्या पुढे काळवंडू लागते, आणि निखाऱ्यावरची जाळी त्याहून कितीतरी तापलेली असते. म्हणून आधीचे चोळण हलके आणि कमी गोड ठेवा, गोडवा नंतरच्या वाटीत येऊ द्या.

अर्धा किलो कापांना मी घेतो ते प्रमाण असे: सोया सॉस दोन मोठे चमचे, निम्मे किसलेले सफरचंद, पाव किसलेला कांदा, एक छोटा चमचा आल्याचा रस, लसणाच्या दोन पाकळ्या आणि साखर केवळ एक छोटा चमचा. हे हाताने चोळून अर्धा तास, फार तर पाऊण तास ठेवतो. भाजण्याआधी प्रत्येक काप निथळून कापडाने टिपून घेतो. ओला काप भाजला न जाता वाफवला जातो आणि त्याला खरपूस वास येत नाही. बुडवायच्या वाटीसाठी तीन चमचे सोया सॉस, दोन चमचे साखर, तीन चमचे पाणी, थोडा लसूण आणि उरलेले सफरचंद एक उकळी आणून गार करतो. तिथे यात मिरिन ही गोड तांदळाची दारू घालतात. तिच्याऐवजी साखर आणि पाणी वापरून मला कधी अडलेले नाही. कच्च्या मांसाला लागलेले मिश्रण मात्र या वाटीत कधीही घालू नये.

तिळाच्या तेलाबद्दल एक गोष्ट. जपानी तेल भाजलेल्या तिळांचे असते, आपले घाणीचे तेल कच्च्या तिळांचे, त्यामुळे तो वास येत नाही. तुम्ही मुरैनाच्या गजकेच्या, म्हणजे तिळाच्या मिठाईच्या, प्रदेशात राहता. हिवाळ्यात तुमच्याकडे जसे पांढरे तीळ मिळतात तसे मला वडोदऱ्यात शोधावे लागतात. दोन चमचे तीळ तांबूस भाजून गरम असतानाच खलबत्त्यात कुटा आणि ते वाटीत घाला.

जिंगिसुकानचे भांडे बिडाचे आणि मध्ये घुमटासारखे उंच असते. मांस घुमटावर भाजतात आणि त्याचा रस कडेच्या कोबी, कांदा व मोडांवर उतरतो. मी इथे लोखंडी कढई शेगडीवर उपडी घालून त्याच्या जवळ जाणारी चव आणली आहे. कढई चांगली तापली की तिच्या माथ्यावर बोकडाच्या चरबीचा तुकडा चिमट्याने फिरवायचा, मग काप ठेवायचे. कड उपडी असल्याने भाज्या मात्र शेजारी तव्यावर परताव्या लागतात.

कोळसा आणि मीठ (इंदूर)

शेगडीविषयी दोन शब्द राहिले होते. ज्वाळा उठत असताना काहीही ठेवू नका. कोळशावर राखेचा पांढरट थर आला आणि तळहात जाळीच्या वीतभर वर तीन-चार सेकंदच धरवला, म्हणजे आच योग्य झाली. चार मिलिमीटरच्या कापाला एका बाजूला मिनिटभर आणि दुसऱ्या बाजूला त्याहून थोडे कमी पुरते. गुलाबी रंग गेला की लगेच उचला, कारण त्यानंतरचे प्रत्येक अर्धे मिनिट कापाला पुन्हा वातड करते. कच्चे काप ठेवायचा चिमटा आणि भाजलेले उचलायचा चिमटा वेगळे असू द्यावेत.

आणि हे कळकळीने सांगतो: ग्वाल्हेरच्या थंडीत गच्चीवर बसवत नाही म्हणून शेगडी खोलीत घेऊ नका. कोळशाचा विषारी वायू वासावरून कळत नाही आणि बंद खोलीत झोपेतच माणसे दगावतात. आत करायचे असेल तर गॅसवर बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा आणि एका वेळी पाच-सहाच काप ठेवा.

लष्करकर (ग्वाल्हेर)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पुन्हा केले. मुरारच्या लेकीने सांगितल्याप्रमाणे सकाळी साडेसातला जाऊन लहान बोकडाचे रान आणले. पापुद्रे सोलायलाच मला पाऊण तास लागला, आणि काढलेले पापुद्रे ताटलीत पाहिल्यावर गेल्या वेळी आपण काय चावत होतो ते समजले. सोया सॉस नवा आणला, पपई घातली नाही, चोळून चाळीस मिनिटे ठेवले. तिळांचे कूट वाटीत घातल्याबरोबर मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

उपडी कढई पहिल्या खेपेला पुरती तापली नव्हती आणि तीन-चार काप चिकटून फाटले. नंतर चरबी फिरवून ठेवलेले काप आपणहून सुटू लागले आणि त्यांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या. मुलाने पहिला काप वाटीत बुडवून खाल्ला आणि म्हणाला, "आई, हे नागोयासारखे नाही, पण मला आणखी हवे आहे." सासूबाईंना दात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळा रस्सा ठेवला होता. तरी त्यांनी दोन काप मागून घेतले आणि दोन्ही संपवले.

आता एकच विचारायचे आहे. बुडवायच्या वाटीतले मिश्रण निम्मे उरले आहे. उकळलेले असल्याने ते फ्रीजमध्ये किती दिवस टिकेल?

तीन हिवाळे होक्काइदोत (वडोदरा)

काकू, वाचून फार आनंद झाला. जेवताना ज्या वाटीत काप बुडवले तिच्यातले ठेवू नका. भांड्यात न उष्टावता राहिलेले असेल ते स्वच्छ काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे, मी चार-पाच दिवसांत संपवतो. दुसऱ्या दिवशी सफरचंद आणि लसूण त्यात अधिक मुरतात, म्हणून पुढच्या वेळी ते आदल्या दिवशीच करून ठेवा, फक्त तीळ आयत्या वेळी कुटून घाला.