कॉमिक्समधल्या ‘गटर’ला मराठीत काय म्हणाल?

एका ग्राफिक नॉव्हेलचं परीक्षण लिहायला घेतलंय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडकलोय. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी सोडलेली असते तिला इंग्रजीत गटर म्हणतात. मी लिहिलं, ‘या पुस्तकातलं सगळं महत्त्वाचं गटरमध्ये घडतं’, आणि घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, इतकं घाण पुस्तक आहे तर लिहितोयस कशाला! गटार म्हटलं तर अजूनच वाईट. बाकीचं जमतं हो, पॅनेलला चौकट, संवादाच्या बलूनला फुगा, पण इथेच घोडं पेंड खातंय. कुणाकडे शब्द आहे का?

—

फट म्हणा की. सोप्पा शब्द.

—

फट नको वाटतं. फट चुकून राहते, दाराला, भिंतीला, आणि ती बुजवायची असते. ही जागा मुद्दाम सोडलेली असते. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ मध्ये कॉमिक्स कशी चालतात यावर एक पुस्तक काढलं, तेही चक्क कॉमिकच्याच रूपात, त्यात या जागेवर अख्खं प्रकरण आहे आणि प्रकरणाच्या नावातच ‘रक्त’ आणि ‘गटर’ दोन्ही शब्द आहेत, म्हणजे घाणीचा वास इंग्रजीतही येतो, त्याने त्यावर खेळ केलाय एवढंच. त्याचं म्हणणं असं की खरी गोष्ट तिथे वाचक घडवतो. समजा पहिल्या चौकटीत पोरगं झाडाच्या फांदीवर, पुढच्या चौकटीत पायाला प्लास्टर. पडताना कुणी काढलंच नाही, ते आपण पाडलं.

—

अहो मग शब्द तुम्हीच सांगितलात की, गाळलेली जागा! शाळेत आयुष्यभर ‘गाळलेल्या जागा भरा’ केलंय आपण. चित्रकाराने गाळली, वाचकाने भरली. सुटसुटीत हवा असेल तर नुसतं ‘गाळा’, दोन खांबांच्या मधल्या जागेलाही गाळाच म्हणतात.

—

गाळा झकास!! मला तर चौकट आणि गाळा ही जोडीच आवडली, दोन्ही शब्द बांधकामातले.

जाता जाता फुग्याबद्दल. इटालियनमध्ये कॉमिक्सला फुमेत्ती म्हणतात, म्हणजे धुराचे छोटे लोट, तोंडातून निघणारे फुगे धुरासारखे दिसतात म्हणून. ब्राझीलमध्ये क्वाद्रिन्योस, छोटे चौकोन. फ्रेंचमध्ये चितारलेली पट्टी. म्हणजे कुणी फुगा धरला, कुणी चौकट, कुणी पट्टी, आणि इंग्रजीने धरलं ‘विनोदी’, कारण सुरुवातीच्या वर्तमानपत्री पट्ट्या हसवणाऱ्या होत्या. तेच नाव चिकटलं, म्हणून मग गंभीर काही आलं की दुसरं भारदस्त नाव शोधावं लागतं.

—

त्या भारदस्त नावावर माझा रागच आहे. ‘चित्रकादंबरी’ लिहितात परीक्षणात, छान वाटतं, पण विल आयस्नरच्या ज्या पुस्तकामुळे १९७८ मध्ये ग्राफिक नॉव्हेल हे नाव लोकांच्या तोंडी बसायला लागलं ते पुस्तक म्हणजे चार वेगवेगळ्या कथा आहेत, कादंबरी नाहीच. (शब्द त्याच्याही आधीचा आहे, १९६४ चा.) आणि ‘माउस’ या ग्राफिक नॉव्हेलला १९९२ मध्ये पुलित्झरचं खास पारितोषिक मिळालं, ती तर लेखकाच्या बापाची खरी हकीकत. तिला कादंबरी म्हणायचं? मी सरळ ‘चित्रकथा’ लिहिते, कथा खरीही असते खोटीही असते, काही बिघडत नाही.

—

ताई, चित्रकथा म्हटलं की लोक ते पुस्तक उचलून मुलांच्या कपाटात ठेवतात त्याचं काय?

—

ठेवू देत, म्हणून तर परीक्षण लिहायचं. पण खरा घोळ तिथे ‘सर्व वयोगटांसाठी’ या शब्दांनी होतो. मुलांसाठी आणि सर्व वयोगटांसाठी, दोन्ही एकच समजून लिहितात. मुलांसाठी म्हणजे मूल खूश, मोठा माणूस कंटाळला तरी चालेल. सर्व वयोगटांसाठी म्हणजे आठ वर्षांच्या पोरीला अडता कामा नये आणि तिच्या आजीला तेच पुस्तक वेगळं दिसलं पाहिजे. आपल्याकडे ‘आबालवृद्ध’ इतका नेमका शब्द आहे, बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत, पण तो जाहिरातीत वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय, परीक्षणात लिहिला की कुणी विश्वास ठेवत नाही. मी हल्ली लिहिते ‘मुलांनाही देता येईल असं’. त्या ‘ही’मध्ये सगळं येतं.

मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, बाबतीत तर अजून गंमत, ‘शोनेन’ म्हणजे शब्दशः मुलगा, म्हणून पालक डोळे मिटून देतात, पण ते मासिकाचा वाचक कोण धरलाय त्याचं नाव आहे, आत मारामारी रक्तपात किती याची हमी नाही.

—

मांगा निघालाच आहे तर एक सुचवतो, परीक्षणात ‘डावीकडची चौकट’ असं लिहू नका, तिथे वाचन उजवीकडून डावीकडे चालतं, वाचणारा गोंधळतो. आधीची, नंतरची असं लिहा. आणि अजून एक, जपानीत शांततेचाही आवाज असतो, ‘शीऽऽन’, चित्रात चक्क मोठ्ठा लिहितात. मराठीत याला शब्द द्यायचा तर काय द्याल? मला कधीपासून प्रश्न पडलाय. धाडकन, धपकन, खळ्ळकन ढीगभर आहेत, डोळ्यांत पाणीसुद्धा आपल्याकडे टचकन येतं, पण शांततेला काय? शुकशुकाट हा शब्द आहे, आवाज नाही.

—

‘चिडीचूप’?

—

ते दटावल्यासारखं वाटतं.

—

मूळ प्रश्न विचारणारा परत आलोय. वाक्य असं केलंय: ‘हे पुस्तक वाचायला अर्धा तास पुरतो, पण त्यातले गाळे भरायला दोन दिवस लागतात.’ इथे ‘वाचायला’ बरोबर आहे ना? बायकोचं म्हणणं, चित्रं बघतात, वाचत नाहीत.

—

वाचायलाच ठेवा. नुसतं बघणाऱ्याला गाळे दिसतच नाहीत. फक्त पहिल्यांदा ‘गाळा’ येईल तिथे ‘दोन चौकटींमधला’ एवढं जोडा, नाहीतर लोकांना वाटेल दुकान भाड्याने द्यायचंय.