फुग्यानं पेटवलेलं गाव

आयर्लंडमधली गावं जळाली ती लढायांत, असं म्हणतात. बऱ्याच अंशी खरं, पण ऑफली काउंटीच्या टलामोरचं काय? तिथे १० मे १७८५ला गरम हवेचा फुगा उडवला, तो बराकीच्या धुराड्याला अडकून पेटला आणि शंभरेक घरं खाक झाली. छपरं गवताची, मग काय! (फ्रान्समधल्या माँगोल्फिए बंधूंनी असा पहिला फुगा उडवला त्याला तेव्हा जेमतेम दोनच वर्षं झाली होती.) म्हणूनच गावाच्या मानचिन्हावर राखेतून उठणारा फिनिक्स आहे.

पण गावाला बरकत आणली ती कालव्यानं, असं माझं मत. १७९८मध्ये डब्लिनहून ग्रँड कॅनॉल इथवर पोचला आणि १८०४पर्यंत इथेच संपत होता, त्यामुळे मालाची चढउतार सगळी टलामोरात. इथली व्हिस्कीची भट्टी १८२९ची, म्हणजे कालव्यानंतरचीच.