पंधराव्या वर्षी तार पंचम कशाला हवाय?

खर्जवाला:
परवा इथेच एकाने सल्ला दिला, "रोज अर्धा सूर वर चढा, सहा महिन्यांत तार पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातला प, लागेल." खाली आयांनी टाळ्या पिटल्या. अहो, चौदा-पंधराच्या मुलाचा आवाज फुटत असतो. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, काल सहज लागलेला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आज निसटतो. अशा वेळी वर ढकललं की पोरं हनुवटी उचलतात, मानेच्या शिरा फुगवतात. पट्टी, म्हणजे ज्या सुरावर सा धरतो तो, उतरवा, सकाळी खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, करा, मधल्या सप्तकात ‘आ’ लावून गा. वरचं आपोआप येतं.

गोरेगावची_आई:
आपोआप? माझी लेक तेरा वर्षांची, पट्टी पेटीवरची, म्हणजे हार्मोनियमवरची, काळी चार. आधीच्या क्लासात तिला मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमाच्याही खाली घासायला लावलं. खाली नुसती हवा यायची, आणि वरचा गंधारही गेला. क्लास बदलला. नव्या बाई ओठ फुरफुरवत खालून वर सरकायला लावतात, जोर अजिबात नाही. आता तार मध्यम लागतो. तुमचा खर्ज तुम्हालाच लखलाभ.

तंबोरेवाले:
काळी चार ठरवली कोणी, गळ्याने की पेटीने? क्लासात वीस पोरं एकाच पट्टीत रेकतात, कारण सरांचा तबला तिथे मिळवलेला! पेटीने कान आणि गळा दोन्ही बिघडवले. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बाहेर ठेवलं, ते काय उगाच?

पायपेटी:
आले पेटीवर! ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे काय वाजवायचे, माहीत आहे ना? पट्टी चुकीची धरतो तो मास्तर, मार खाते पेटी. आणि तुमच्या मोबाईलमधला तानपुरा कुठल्या भोपळ्याचा?

तंबोरेवाले:
माझा मिरजेचा आहे. पावसाळ्यात तारा उतरतात, मिळवण्यात अर्धा तास जातो. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असणारा, दोरा केसभर सरकवला की आवाज उघडतो, तो क्षण ऐकायला कान लागतो. पेटीच्या पट्ट्या दाबणाऱ्यांना काय कळणार!

पायपेटी:
अर्धा तास मिळवण्यात गेला तर पोरगं गाणार कधी? साडेसातला त्याची ट्यूशन असते.

ठाणे_लोकल:
धागा गळ्याबद्दल होता ना? माझा पुतण्या सोसायटीच्या गणपतीत मूळ पट्टीच्या ट्रॅकवर गायला. ट्रॅक दोन सूर उतरवता येतो, पण मित्र हसतील म्हणून नाही उतरवला. महिनाभर तालमीत ओरडून आवाज बसला. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी दाखवल्या, बोलणंही बंद केलं. खर्जवाल्यांचं पटतंय, नाइलाजाने.

खर्जवाला:
आणि मोठा पल्ला म्हणजे मोठा गवई हे कोणी सांगितलं? घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाई हंगल यांचा आवाज भारदस्त झाला. किराणा घराण्याचं गाणं त्याने कमी झालं का?

गोरेगावची_आई:
त्यांनी तो आवाज निवडला नव्हता. त्यांचं नाव घेऊन शाळकरी पोरींना खाली ढकलू नका.

खर्जवाला:
बरं बाई, हवा आली तिथेच थांबवायला हवं होतं. पण तो दोष खर्जाचा नाही, शिकवणाऱ्याचा.

गोरेगावची_आई:
उपकार झाले. पेटीवाले हेच म्हणत होते, तेव्हा तुम्ही गप्प होतात.

तंबोरेवाले:
१९७१ नंतरही आकाशवाणीवर एकल पेटीला परवानगी नव्हती, हे मात्र पायपेटी सांगणार नाहीत.